एक पोपडा जास्त

न्हाणीघराच्या भिंतीचे पोपडे निघाले होते, म्हणून फोटो काढून डोंबिवलीला दादाला पाठवला. गणपतीच्या आत गवंडी लावायचा की दिवाळीनंतर बघायचं, एवढंच ठरवायचं होतं. पावसात गिलावा सुकत नाही हे त्यालाही माहीत, मलाही माहीत. पण गणपतीला घर माणसांनी भरणार आणि आंघोळीला बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यावर चुना पडणार, हेही दोघांना माहीत. फोटोत बघण्यासारखं काही नव्हतं. ओल धरलेली भिंत, खाली शेवाळाची हिरवी पट्टी, वर कोळिष्टकं, मधे सुटत आलेला चुना आणि त्याच्यामागून डोकावणारा तांबडा चिरा. भेग किती मोठी आहे ते कळावं म्हणून मी तिच्यावर बोट ठेवलं होतं, तेही फोटोत आलं. दहा मिनिटांनी उत्तर आलं, ‘गवंड्याला विचार. आणि तो बेडूक कधीपासून आहे?’

मी फोटो बघितला. बेडूक नव्हता. मोठा करून बघितला, कोपरान् कोपरा बघितला. ‘कुठला बेडूक?’ म्हणून विचारलं, तर त्याने त्याच फोटोवर लाल गोल काढून पाठवला. गोलाच्या आत एक पोपडा होता. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि थोड्या वेळाने पोपड्याला डोळा आला. मग नाक, मग पोटाखाली दुमडून घेतलेला पुढचा पाय. माझ्या नखापासून जेमतेम चार बोटांवर होता तो. दीडशे मैलांहून जास्त अंतरावर लोकलमध्ये उभ्याने फोन बघणाऱ्या माणसाला तो दिसला आणि ज्या बाईने भिंतीला हात लावून फोटो काढला तिला दिसला नाही.

दादाने हसण्याच्या तीन बाहुल्या पाठवल्या. त्याला ते एवढ्यावर संपलं.

मला संपेना, कारण बेडूक बघायला मी दोनदा आंबोलीला जाऊन आले आहे. पैसे भरून, गुडघ्यापर्यंतचे बूट घालून, डोक्याला बॅटरी बांधून. ऑफिसात मला ‘बेडूकवाली’ म्हणतात. आणि घरच्या न्हाणीत, जिथे मी चार दिवस रोज सकाळी आंघोळ करत होते, तिथे एक बाप्या नुसता बसून होता आणि मला पत्ता नाही.

तशीच उठून न्हाणीत गेले. होता. भिंतीला पोट टेकून, चारी पाय अंगाखाली ओढून, कुणीतरी ओल्या चुन्याचा गोळा फेकून मारावा तसा. रंग म्हणाल तर जुन्या हस्तिदंती बटणाचा, मळकट पांढरा, वर बारीक तपकिरी शिंतोडे. डोळे अर्धे मिटलेले. नाकाशी नाक लावून बघितलं तरी हलेना. एकच गोष्ट चालू होती, घशाखालची कातडी. ती भराभर खालीवर होत होती, दुधाच्या सायीखाली उकळी फुटू पाहते तशी. एकदा ते धडधडणं दिसलं की मग बेडूक न दिसणं अशक्य होतं. मान वळवून परत बघितलं, पुन्हा दिसला. बाहेर जाऊन आले, पुन्हा दिसला. चार दिवस ही भिंत मला सपाट कशी दिसली, ते मात्र आता आठवून आठवता येईना.

शेजारची काकी ताकाचा तांब्या परत न्यायला आली होती. तिला आत बोलावून दाखवला. तिने धड बघितलंसुद्धा नाही. “तो मां? तो मिरगापासून थयसरच आसा. तुका दिसलो नाय?” मग जाता जाता म्हणाली, “हातान धरू नको गो. मुततलो अंगार.”

हा काही दुर्मीळ प्राणी नव्हे. कोकणात घर असलेल्या कुणालाही विचारा, देवांच्या फोटोमागे, गुंडाळून ठेवलेल्या चटईत, विजेच्या मीटरच्या पेटीत, न वापरलेल्या बुटात तो भेटलेला असतो. १८३० साली जॉन ग्रे नावाच्या इंग्रजाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि अंगावरच्या ठिपक्यांवरून त्याला ‘मॅक्युलेटस’ म्हणून टाकलं. इंग्रजीत त्याला ‘चुनाम फ्रॉग’ असंही नाव आहे. चुनाम म्हणजे आपला चुनाच. ते वाचलं तेव्हा मला त्या गोऱ्या लोकांबद्दल पहिल्यांदाच जवळीक वाटली. त्यांच्याही न्हाणीच्या भिंतीला पोपडे धरत असणार. लहानपणी आम्ही त्याला नुसतं ‘चिकट बेडूक’ म्हणायचो. जमिनीवरचा बेडूक तो बेडूक आणि भिंतीवरचा तो चिकट बेडूक. एकदा कंदिलाच्या उजेडात आई आंघोळीला बसलेली असताना तो वाशावरून थेट तिच्या पाठीवर उतरला होता. आईची किंकाळी ऐकून आजी चुलीपुढून फुंकणी घेऊन धावली. बोटांच्या टोकांना टिकल्या असतात ना त्याच्या, त्या ओल्या कातडीवर अशा बसल्या की झटकून निघेना. शेवटी आजीने पाठीवर तांब्याभर पाणी ओतलं, तेव्हा उडी मारताना त्याच्या मांड्यांची आतली बाजू मला दिसली. काळपट जांभळ्यावर पिवळेधमक ठिपके. इतका मातकट प्राणी आणि आत असलं अस्तर! मी पुढे कित्येक वर्षं ते कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं तर तो बेडूक आईच्या पाठीवरून उडाला इथून सुरुवात करावी लागली असती आणि आई रागावली असती.

ते अस्तर त्याचं हत्यार आहे हे मोठेपणी कळलं. उडी मारताना पिवळं चमकतं, पाठलाग करणारा त्या पिवळ्यावर नजर ठेवतो. बेडूक पुढच्या झाडावर टेकतो, पाय मिटतो आणि पिवळं नाहीसं होतं. शोधणारा पिवळं शोधत बसतो.

त्या दिवशी न्हाणीतच पाट टाकून बसले. काम नव्हतं असं नाही. दुपारी पावसाने उघडीप दिली, कौलांमधल्या काचेतून उन्हाचा चौकोन भिंतीवर आला आणि बेडकाच्या जवळ सरकत गेला. बेडूक आणखी फिका झाला. हे ‘झाला’ म्हणतेय खरं, पण होताना दिसत नाही. पेपर वाचून मान वर केली की मघापेक्षा वेगळा असतो, एवढंच. सरड्याची चपळाई त्याच्यात नाही. त्याचा रंग बराचसा रक्तातून येणाऱ्या निरोपावर चालतो. मेंदूखालच्या ग्रंथीतून एक संप्रेरक सुटतं, ते कातडीपर्यंत पोचतं आणि मग कातडीच्या पेशींमधले काळे कण पसरतात. कण मुळात तेवढेच. काळी रांगोळी मुठीत धरली तर चिमूटभर, पसरली तर खळंभर. पसरली की बेडूक गडद, पेशीच्या मध्याशी गोळा झाली की फिकट. थंडी, ओल, अंधार असला की बहुधा गडद होतो. ऊन, कोरडी हवा, लख्ख उजेड असला की फिकट. म्हणजे तो भिंतीची नक्कल करायला बसला होता हे माझं म्हणणं अर्धंच खरं. फिकट अंगावरून ऊन परततं आणि अंगातलं पाणी टिकतं. बेडकाला पाण्याचा हिशेब मोठा. मला फसवणं त्याच्या दिवसभराच्या कामांत फार खालच्या नंबरवर असावं.

ऊन बोटभर अंतरावर आलं तेव्हा त्याने डोळे उघडले, मागचा एक पाय सुटा केला आणि पाठीवरून फिरवला. मग दुसरा. मग पुढच्या पायाने डोक्यावरून, डोळ्यांवरून. दिवाळीच्या पहाटे आजोबा तेल चोपडून घ्यायचे, अगदी त्याच चवीने. हेही वाचलेलं होतं. कातडीतून सुटणारा स्निग्ध द्राव हे बेडूक असा अंगभर पुसतात आणि त्याने पाणी उडून जाणं कमी होतं. पण वाचलेलं ते वाचलेलं. मी न्हाणीत पाटावर बसलेय आणि समोर भिंतीवर कुणीतरी सावकाश अभ्यंग करतंय, याला काही तोड नव्हती. झाल्यावर त्याने पाय परत अंगाखाली घेतले, डोळे मिटले आणि पुन्हा पोपडा झाला.

आंबोलीचं सांगायला हवं. सावंतवाडीहून घाट चढलं की हवा बदलते, धुकं गाडीच्या आत येतं आणि वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस म्हणजे काय ते छत्रीला कळतं. तिथे आम्ही शोधत होतो तो हिरवा, मलबारी उडता बेडूक. फोटोत तुम्ही बघितलाच असेल; पोपटी हिरवा, बोटांमधले पडदे केशरी, या झाडावरून त्या झाडावर तरंगत जाणारा. आमच्याबरोबरचा स्थानिक पोरगा विशीतला, बोलायला कमी. त्याने पहिल्यांदा बॅटरी डोक्यावरून काढून डोळ्यांच्या रेषेत गालाशी धरायला शिकवली, म्हणजे बेडकाचे डोळे चमकून दिसतात. मी धरली. चमकलेले पहिले आठ-दहा डोळे कोळ्यांचे निघाले. झुडपातून टिक-टिक आवाज येत होता, कुणी घाईघाईने टाइपरायटर बडवतंय असा. तो बॉम्बे बुश फ्रॉग, अंगठ्याच्या पेराएवढा, ज्याच्या अंड्यांतून बेडूकमाशी न होता थेट इवले बेडूकच बाहेर येतात. आंबोलीचं नाव लावलेला त्याचा एक भाऊबंद शास्त्राच्या दप्तरात २००९ साली नोंदला गेला, म्हणजे माझ्या लग्नानंतर. आवाज कानाशी येत होता आणि बेडूक दिसत नव्हता. मी एक फांदी बाजूला करायला हात घातला, तर पोरग्याने माझं मनगट धरलं. माझ्या हातापासून वीतभर अंतरावर चापडा, विषारी साप, बसला होता. शेवाळ, पान, साल, सगळे रंग अंगावर घेऊन, वेटोळ्यावर डोकं ठेवून. त्यालाही बेडूकच हवा होता, पण तो शोधत फिरत नव्हता.

“मॅडम, तुम्ही हिरवं शोधताय,” पोरगा म्हणाला. “हिरवं तर सगळंच आहे.”

पुढे बेडूक मिळाला. आणि इथे मला जरा थांबून लिहावं लागतंय. तो होता उंच, पानाच्या कडेला, अर्धा झाकलेला. आमच्यातल्या एकाने काठीने फांदी खाली ओढली, दुसऱ्याने सुचवलं की समोरच्या लाल जास्वंदीवर ठेवला तर फोटो काय येईल. पोरगा ‘नको’ म्हणाला, पण पैसे देणाऱ्यांना म्हणतात तेवढ्याच आवाजात. बेडूक उचलला मी. माझे हात लहान, म्हणून. त्याचं अंग गार होतं, वजन जवळजवळ नव्हतंच, आणि तळहातावर काहीतरी कोमट ओघळलं. सगळे हसले. फोटो खरंच चांगला आला. लाल फूल, हिरवा बेडूक, केशरी बोटं. दोनशे लोकांना आवडला. बेडूक मूत्राशयात पाण्याचा साठा ठेवतात आणि कोरड पडली की तेच पाणी अंगात परत घेतात, हे मी घरी आल्यावर वाचलं. माझ्या हातावर ओघळली ती त्याची घागर होती. आणि त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी डासांसाठी कोपरापर्यंत मलम चोळलेलं होतं. बेडकाची कातडी पाणी पिते, हवा घेते, मलमही घेणारच. फुलावर तो बसला तेव्हा पोपटी होता. आम्ही निघालो तेव्हा रंग मळून शेवाळी झाला होता. कुणीतरी म्हणालं, बघा, रंग बदलतोय! आम्ही त्याचाही फोटो काढला.

तो जगला की नाही, माहीत नाही.

काकीच्या ‘हातान धरू नको’ने हे सगळं वर आलं. तिला घागरीचं शास्त्र ठाऊक असण्याची गरज नव्हती. अंगावर मुतेल एवढं कारण तिला पुरतं आणि बेडूक वाचतो. आम्ही शिकलेले लोक बेडकावर प्रेम करतो, ते त्याला जास्त महाग पडतं. अकरावीत तर आम्ही मेणाच्या ताटलीत टाचण्यांनी उलटा ताणून त्याचं काळीज धडधडताना बघितलंय, तेही गुणांसाठी. त्या प्रयोगशाळेत कपाटाच्या वरच्या फळीवर एक बरणी होती आणि तिच्यात एक निळसर बेडूक. निळा! आम्हाला वाटायचं कुठल्या तरी परदेशातला असेल. तोही हिरवाच असणार, हे आत्ता कळतंय. झाडावरच्या हिरव्या बेडकात हिरवा रंग बहुधा नसतोच. आतल्या थरातले स्फटिक निळा उजेड परतवतात, वरच्या पिवळ्या थरातून तो बाहेर येतो आणि आपल्याला हिरवा दिसतो. बरणीतल्या औषधात पिवळा विरघळून जातो आणि मागे निळा उरतो.

सगळेच बेडूक लपायला रंग बदलतात असंही नाही. मृगाचे पहिले दोन-तीन पाऊस पडून मळ्यात पाणी साचलं की मोठे बेडूक, एरवी चिखलाच्या रंगाचे, रात्रीत हळदीसारखे पिवळे होतात, गालफडाखाली निळे फुगे फुगवतात आणि अख्खा मळा डरकाळ्यांनी उठवतात. नर म्हणून मिरवायला. त्यांना शोधायला बॅटरीही लागत नाही, आणि तेच त्यांच्या जिवावर उठतं. गोव्याच्या बाजूला त्यांच्या तंगड्यांना अजून गिऱ्हाईक आहे. निर्यात १९८७ साली बंद झाली, कायदाही आहे, पण पहिल्या पावसात मळ्यातून फिरणाऱ्या बॅटऱ्या बंद झाल्या नाहीत. तेव्हा न्हाणीतल्या माझ्या मळकट बाप्याचं काही चुकत नव्हतं.

तर गवंडी. आषाढ सरता सरता चार दिवस उघडीप मिळाली आणि तो सकाळी आठलाच थापी, घमेलं घेऊन हजर झाला. मी त्याला चहा दिला, पोहे दिले, दुसरा चहा दिला. तोवर मी न्हाणीत भिंतीपुढे उभी. एकेक पोपडा बघत, घसा हलतोय का ते बघत, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. भिंतीवर बेडूक नव्हता, याची मी जवळजवळ खात्री केली. ‘जवळजवळ’ हा शब्द त्या फोटोनंतर माझ्या बोलण्यात फार यायला लागलाय. गवंड्याने पहिली थापी मारली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. चुना पडला. दुसरी मारली, चुना पडला. अर्धी भिंत लाल चिऱ्यापर्यंत उघडी झाल्यावर तो म्हणाला, “ताई, ह्या तुमचाच मां?” आणि मागे बोट दाखवलं. बेडूक पाण्याच्या निळ्या प्लास्टिकच्या पिंपाच्या झाकणावर बसला होता, आधीसारखाच मळकट पांढरा, आधीसारखाच पाय मिटून, डोळे अर्धे बंद करून. निळ्या प्लास्टिकवर त्याची काही मात्रा चालणार नव्हती. दहा फुटांवरूनही दिसत होता. तरी आपण दिसत नाही अशाच थाटात बसला होता, आणि का कोण जाणे, मला त्याच्याकडे बघवेना. पिंप तसंच ओढत मी परसात फणसाखाली नेऊन ठेवलं. संध्याकाळी बघितलं तर झाकण रिकामं होतं.

गिलावा झाला, सुकायला मात्र काही तयार नव्हता. तिसऱ्या रात्री पुन्हा पाऊस कोसळला आणि मागच्या बाजूने, दोणीकडून, लाकडाच्या फळीवर बोटं वाजवावीत तसा आवाज रात्रभर येत राहिला. टक-टक-टक, मग गप्प, मग पुन्हा टक-टक. दोण म्हणजे आजोबांच्या वेळची दगडी, गुरं होती तेव्हा त्यांना पाणी पाजायची; आता तिच्यात पावसाचं पाणी साठतं आणि गवंडी तेच कालवायला घेत होता. सकाळी मी तोंड धुवायला गेले तर दोणीच्या वरच्या चिऱ्याला पांढरा फेस चिकटलेला. मुठीपेक्षा मोठा गोळा, खाली पाण्यावर लोंबणारा. गवंड्याने साबणाने हात धुऊन तसाच टाकला, असं मनात म्हटलं आणि फेस धुऊन काढायला तांब्या भरून घेतला.

“अगो, काय करतंस!” काकी कुंपणापलीकडून ओरडली. “पिल्लां आसत त्येच्यात!”

तांब्या तसाच हातात राहिला. जवळ जाऊन बघितलं तर फेसाचे वरचे बुडबुडे सुकून कागदासारखे झाले होते आणि आत, ओल्या भागात, साबुदाण्याहून बारीक फिकट दाणे. मादी द्राव सोडते आणि मागच्या पायांनी घुसळून घुसळून त्याचा फेस करते, हे मला माहीत होतं. आंबोलीत पानांत गुंडाळलेला असला फेस दाखवायला पोरग्याने आम्हाला अर्धा तास चालवलं होतं. काही दिवसांत पिल्लं खालच्या पाण्यात गळून पडणार आणि पाय फुटेपर्यंत पुढचे दीड-दोन महिने तिथेच काढणार. म्हणजे गणपती येऊन जातील तरी दोण मोकळी नाही.

साडेआठला गवंडी आला. बादली दोणीत घालणार तोच मी सांगितलं, आजपासून हे पाणी नको. त्याने फेसाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग काकीकडे. काकी हसत होती.

“म्हंजे आता बेडकांसाठी बावीचा पाणी ओढूचा?”

मी काही बोलले नाही. तो पुटपुटत विहिरीकडे गेला आणि थोड्या वेळाने रहाट कुरकुरायला लागला.